मूल टेक्सासमध्ये, वडील कॅलिफोर्नियात, आदेश न्यू जर्सीचा

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांत घटस्फोटानंतर आई एका राज्यात आणि वडील दुसऱ्या राज्यात, हे चित्र आता नवं राहिलेलं नाही. चाइल्ड सपोर्टची, म्हणजे मुलाच्या संगोपनासाठी द्यायच्या पैशांची, रक्कम बदलायची वेळ आली की पहिला प्रश्न रकमेचा नसतोच. अर्ज कोणत्या राज्यात करायचा, इथूनच सुरुवात होते. या प्रकरणात आईच्या बाजूचे कागद जुळवण्याचं काम माझ्याकडे होतं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. कायद्याचा भाग जसा घडला तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

दोघंही पुण्याचे. लग्न २००३ चं, वर्षभरात न्यू जर्सीतल्या एडिसनला बिऱ्हाड, नोव्हेंबर २००६ मध्ये मुलाचा जन्म. २०१४ मध्ये न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीत घटस्फोट झाला. भांडण फारसं चिघळलं नव्हतं. आदेशात तीन गोष्टी होत्या. वडिलांनी चाइल्ड सपोर्ट म्हणून आठवड्याला २६५ डॉलर द्यायचे, म्हणजे महिन्याला साधारण १,१४८. ते पगारातूनच कापले जात. त्याखेरीज २०२३ पर्यंत ठरलेली अलिमनी, म्हणजे पत्नीची पोटगी. आणि मुलाच्या कॉलेजचा खर्च दोघांनी त्या वेळच्या आपापल्या उत्पन्नाच्या प्रमाणात उचलायचा, असं एक कलम. हे तिसरं कलम तेव्हा कोणी दुसऱ्यांदा वाचलंही नसेल. मुलगा आठ वर्षांचा होता.

२०१६ मध्ये आईला टेक्सासमध्ये प्लेनोला, डॅलसच्या उत्तरेला, नोकरी मिळाली. मुलाला राज्याबाहेर न्यायला वडिलांनी लेखी संमती दिली. ते स्वतः एडिसनमध्येच राहिले, त्यामुळे आणखी पाच वर्षं कागदोपत्री सगळं न्यू जर्सीतच चाललं. २०२१ च्या उन्हाळ्यात वडील नवी नोकरी धरून कॅलिफोर्नियात सॅन होजेला गेले. एडिसनचं घर विकलं नाही, भाड्याने दिलं.

बिऱ्हाडांची ही हलवाहलव इतक्या तपशिलात सांगतो आहे, कारण पुढचा सगळा वाद पगारावर कमी आणि या हलवाहलवीच्या तारखांवर जास्त झाला.

अडचण

२०२२ च्या सुरुवातीला आईच्या लक्षात आलं की आपण अजून २०१४ च्या पगारावर ठरलेली रक्कम घेतो आहोत. वडिलांचा हातात येणारा पगार तोवर महिन्याला १५,००० च्या घरात गेला होता, तिचा ४,८०० च्या आसपास होता. मुलगा हायस्कूलमध्ये, खर्च वाढलेले. वाढ मागायला कारण होतं, यावर कोणाचंही दुमत नव्हतं. पुढे वडिलांच्या वकिलानेही ते नाकारलं नाही.

तिने पुण्याला भावाला फोन केला. तो वकील. त्याचं उत्तर ठाम होतं : "अगं, तू राहतेस तिथेच अर्ज लाव. त्याने यावं धावत." भारतातल्या कायद्याप्रमाणे त्याचं काहीच चुकत नव्हतं. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२६ नुसार पत्नीला पोटगीचा अर्ज ती राहते त्या जिल्ह्यात करता येत असे, आणि आताच्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती सोय आहे. ज्याला पोटगी हवी त्याला लांब पळवू नये, हा त्यामागचा विचार. अमेरिकेतला आंतरराज्य कायदा मात्र दुसऱ्या टोकाने विचार करतो, आणि तो तसा का करतो हे समजल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही.

कायदा काय पाहतो

१९५० पासून अमेरिकेत या विषयावर जो नमुना कायदा होता, त्याखाली प्रत्येक राज्य आपापला आदेश काढू शकत असे. त्यामुळे एकाच मुलासाठी दोन-तीन राज्यांचे वेगवेगळ्या रकमांचे आदेश एकाच वेळी जिवंत असायचे. वडील म्हणत मी कमी रकमेचा पाळतो, आई म्हणे मला जास्तीचा हवा. हा गोंधळ मोडायला १९९२ मध्ये युनिफॉर्म इंटरस्टेट फॅमिली सपोर्ट ॲक्ट आला. वकील त्याला युइफ्सा म्हणतात. १९९६ च्या केंद्रीय कायद्याने तो सर्व राज्यांना १ जानेवारी १९९८ पर्यंत स्वीकारायला लावला, आणि २०१४ च्या आणखी एका केंद्रीय कायद्याने त्याची २००८ ची सुधारित आवृत्ती सक्तीची केली. आज पन्नासही राज्यांत हा कायदा जवळपास सारखाच आहे, अनेक राज्यांत कलमांचे आकडेही तेच. टेक्सासमध्ये फॅमिली कोडचं १५९.६११, कॅलिफोर्नियात ५७००.६११, मजकूर एकच.

गाभा असा : एका मुलासाठी एका वेळी एकच आदेश. तो ज्या राज्याने काढला, त्याच राज्याला तो बदलण्याचा अधिकार. आणि हा अधिकार आई, वडील किंवा मूल यांपैकी एक जण जरी त्या राज्यात राहत असेल तोवर टिकतो. शेवटचा माणूस बाहेर पडला की आदेश जिवंत राहतो, वसुलीही होते, पण न्यू जर्सीला रक्कम बदलता येत नाही. मोजायचा दिवस म्हणजे अर्ज दाखल करण्याचा दिवस.

मग बदल कुठे मागायचा? इथे कलम ६११ येतं. तीन अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात : तिघांपैकी कोणीही आदेश काढणाऱ्या राज्यात राहत नसावं, अर्ज करणारा त्या नव्या राज्याचा रहिवासी नसावा, आणि समोरच्यावर त्या राज्याच्या न्यायालयाचा अधिकार चालत असावा. थोडक्यात, अर्ज करणाऱ्याने परक्या मैदानावर जाऊन खेळायचं. आईला बदल हवा तर तिने वडिलांच्या राज्यात जावं, वडिलांना हवा तर त्यांनी आईच्या. घरच्या न्यायालयाचा फायदा कोणालाच मिळू नये हा हेतू. आपल्याकडच्या न्यायाच्या कल्पनेला हे उलटं वाटतं, मलाही सुरुवातीला वाटायचं. पण ही अट नसती तर एका बाजूने प्लेनोत आणि दुसऱ्या बाजूने सॅन होजेत एकाच आठवड्यात अर्ज पडले असते, आणि १९५० च्या दशकातला गोंधळ परत आला असता.

पहिला प्रयत्न

एप्रिल २०२२ मध्ये प्लेनोतल्या एका वकिलामार्फत तिने कॉलिन काउंटीत अर्ज केला. दोन मागण्या होत्या : न्यू जर्सीचा आदेश टेक्सासमध्ये नोंदवून घ्यावा आणि त्यातली रक्कम वाढवावी. पहिली मागणी योग्य होती. कोणत्याही राज्याचा आदेश वसुलीसाठी दुसऱ्या राज्यात नोंदवता येतो. प्रमाणित प्रत लागते, थकबाकीचं शपथपत्र लागतं, आणि समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून २० दिवसांत हरकत घेता येते.

दुसरी मागणी तिथे टिकणारी नव्हती. अर्जदार टेक्सासचीच रहिवासी होती. वडिलांच्या वकिलाने न्यायालयाचा अधिकार मान्य न करता, फक्त हरकतीपुरती हजेरी लावली. ही खबरदारी महत्त्वाची असते, कारण साधी हजेरी लावली की अधिकार मान्य केल्यासारखं होतं.

आईच्या वकिलाने दोन मुद्दे मांडले. पहिला असा की मुलगा टेक्सासमध्ये आला तोच वडिलांच्या लेखी संमतीने, तेव्हा टेक्सासचा त्यांच्यावर अधिकार चालतो. यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा कुल्को निकाल आडवा येतो. त्यात न्यूयॉर्कच्या वडिलांनी मुलीला कॅलिफोर्नियात आईकडे जायला एकतर्फी तिकीट काढून दिलं होतं. मूल जाऊ दिलं एवढ्यावरून वडील त्या राज्याच्या न्यायालयाच्या कक्षेत येत नाहीत, असं न्यायालयाने ठरवलं. दुसरा मुद्दा १९९४ च्या केंद्रीय कायद्याच्या, म्हणजे एका राज्याचा चाइल्ड सपोर्टचा आदेश दुसऱ्या राज्यांना मानायला लावणाऱ्या कायद्याच्या, शब्दांचा होता : रहिवासी नसण्याची अट त्या कायद्यापुढे टिकत नाही, असा. टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये हा युक्तिवाद फेटाळला होता. कॉलिन काउंटीतही तो चालला नाही. आणि समजा वडिलांवर अधिकार चालला असता, तरी युइफ्साच्या कलम २०१ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की दुसऱ्या राज्याचा आदेश बदलायला तेवढं पुरत नाही, ६११ च्या अटी पुऱ्या व्हायलाच हव्यात.

नोव्हेंबरमध्ये आदेश वसुलीपुरता नोंदवला गेला आणि वाढीची मागणी फेटाळली गेली. सात महिने गेले, वकिलाची फी गेली.

पर्याय

निकालानंतर आठवडाभरात वडिलांचा फोन आला. सूर समजुतीचा होता. "टेक्सासमध्येच मिटवू या. तुलाच सोपं. मी संमती लिहून देतो." हे कायद्यात बसतं. दोघांनीही न्यू जर्सीच्या न्यायालयात लेखी संमती दाखल केली, तर मूल राहतं त्या राज्यात आदेश बदलता येतो, अर्जदार तिथला रहिवासी असला तरी. सात महिने ज्या दारावर डोकं आपटलं, तेच दार आता समोरचा माणूस आपणहून उघडत होता.

हा या प्रकरणातला सर्वांत नाजूक क्षण. आई थकली होती, आणि आकडा वाईट नव्हता. टेक्सासमध्ये एका मुलासाठी देणाऱ्याच्या निव्वळ उत्पन्नाच्या २० टक्के धरतात, पण त्या वेळी हे गणित महिन्याला ९,२०० डॉलरच्या उत्पन्नापर्यंतच लागू होतं. म्हणजे वडिलांचा पगार कितीही असो, सूत्राने १,८४०. त्यापुढचं हवं तर मुलाच्या तशा गरजा पुराव्यानिशी दाखवाव्या लागतात. १,१४८ वरून १,८४० ही वाढ कोणालाही बरी वाटेल.

कॅलिफोर्नियात सूत्र वेगळं आहे. तिथे दोघांचं निव्वळ उत्पन्न आणि मूल कोणाकडे किती वेळ असतं, हे धरून बीजगणिती हिशेब होतो. टेक्साससारखी ठरलेली कमाल मर्यादा नाही. मुलगा वडिलांकडे उन्हाळ्यात काही आठवडे जायचा, तो वेळ आठ टक्क्यांच्या आसपास. आकडे घातले तेव्हा २,३२० च्या जवळ उत्तर आलं. फोनवरचा समजुतीचा सूर कुठून आला होता, ते या दोन आकड्यांकडे पाहिलं की कळतं. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या वकिलाने त्याचं काम केलं होतं.

दुसरी शक्यता न्यू जर्सीतच परत जाण्याची होती. कोणी तिथे राहत नसलं तरी दोघांच्या संमतीने ते राज्य आपला अधिकार पुढे चालवू शकतं. आईला हे मनापासून हवं होतं, वडील तयार नव्हते. मग एडिसनच्या घराचा मुद्दा निघाला. त्यांचं घर तिथे आहे, मग ते तिथले रहिवासी नाहीत का? आम्ही त्यावर थोडा वेळ घालवला आणि सोडून दिलं. घर मालकीचं असणं आणि तिथे राहणं या वेगळ्या गोष्टी. त्यांचं लायसन्स, कर, नोकरी, भाडेकरार सगळं कॅलिफोर्नियाचं होतं.

तिसरा पर्याय गप्प बसण्याचा, आणि त्यात धोका होता. वडील टेक्सासचे रहिवासी नव्हते, त्यामुळे कोणाच्याही संमतीशिवाय ते स्वतः टेक्सासमध्ये अर्ज करू शकत होते. तसं झालं असतं तर रक्कम १,८४० वर बसली असती, आणि आई तिथे राहते तोवर पुढचा प्रत्येक बदल टेक्सासकडे गेला असता. म्हणजे ही आता शर्यत होती, फक्त एका बाजूला ते अजून माहीत नव्हतं.

आणखी एक गोष्ट मनात ठेवावी लागली. स्वतःच्या आईवडिलांसाठी पुण्याला परतण्याचं मुलाच्या वडिलांच्या बोलण्यात अधूनमधून येत होतं. ते अर्जाआधीच भारतात गेले असते तर कॅलिफोर्नियाचा रस्ता बंद. टेक्सासचाही बंदच. तेव्हा २००८ च्या सुधारणेतलं एक कलम उपयोगी पडलं असतं : एक पालक दुसऱ्या राज्यात आणि दुसरा अमेरिकेबाहेर असेल, तर मूळ आदेश काढणारं राज्यच तो बदलू शकतं. म्हणजे न्यू जर्सी पुन्हा जागी झाली असती. पण आदेश बदलून मिळणं वेगळं आणि पैसे हातात येणं वेगळं. पोटगीच्या आंतरराष्ट्रीय वसुलीबद्दलचा २००७ चा हेग करार अमेरिकेत १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे, भारत त्यात नाही. भारताच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४ अ खाली थेट अंमलबजावणीसाठी जे देश मान्य आहेत, त्यांतही अमेरिका नाही. त्यामुळे परदेशी निकालाच्या आधारावर पुण्यात नव्याने दावा लावावा लागला असता. पगार सॅन होजेत होतो आहे तोवर तो तिथेच कापला जाणं कितीतरी सोपं.

काय केलं

आईने वडिलांना नकार कळवला नाही, होकारही दिला नाही. डिसेंबरमध्ये न्यू जर्सीतून आदेशाच्या प्रमाणित प्रती मागवल्या.

कॅलिफोर्नियात अर्ज करायचे दोन मार्ग होते. एक सरकारी : टेक्सासच्या ॲटर्नी जनरलच्या चाइल्ड सपोर्ट विभागाने कागद कॅलिफोर्नियाला पाठवायचे, तिथून ते काउंटीच्या चाइल्ड सपोर्ट खात्याकडे जायचे. खर्च जवळपास नाही, पण वेळ लागतो. दुसरा, तिथल्याच वकिलामार्फत थेट अर्ज. युइफ्सा याला परवानगी देतो. शर्यत नसती तर मी सरकारी मार्गाचा आग्रह धरला असता. पण वाढ अर्जाच्या तारखेच्या मागे जात नाही, आणि वडिलांचा वकील कोणत्याही दिवशी कॉलिन काउंटीत कागद टाकू शकत होता. तिने मैत्रिणीकडून उसने पैसे घेतले आणि जानेवारी २०२३ मध्ये सॅन होजेच्या सांता क्लारा काउंटीत थेट अर्ज केला.

तिची एक भीती खरी होती. वडील एकदा म्हणाले होते, "ये तू इकडे, मग कस्टडीचाही विषय काढतो." या कायद्याखाली दुसऱ्या राज्यात अर्ज केल्याने अर्जदार तिथल्या इतर दाव्यांसाठी सापडत नाही. सुनावणीला ती प्रत्यक्ष गेली तरी त्या भेटीत तिच्यावर दुसऱ्या दाव्याचे कागद बजावता येत नाहीत. शिवाय प्रत्यक्ष जावंच लागतं असंही नाही. तिने साक्ष व्हिडिओवर दिली, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून. कस्टडीसाठी, म्हणजे मुलाच्या ताब्यासाठी, वेगळाच कायदा आहे. तिथे मूल अर्जाआधी किमान सलग सहा महिने जिथे राहिलं ते राज्य पाहतात. तिघांनीही न्यू जर्सी सोडल्यावर ते राज्य म्हणजे टेक्सास.

सुनावणीत वडिलांनी रकमेवर फार वाद घातला नाही. त्यांचे दोन मुद्दे होते. कॅलिफोर्नियात चाइल्ड सपोर्ट १८ व्या वर्षी, शाळा चालू असेल तर फार तर १९ व्या वर्षी संपतो, म्हणून तीच मुदत लावावी. आणि आलोच आहोत तर अलिमनीही कमी करावी.

दोन्ही नाकारले गेले. रक्कम नव्या राज्याच्या सूत्राने ठरते, मुदत मात्र पहिला आदेश काढणाऱ्या राज्याच्या कायद्याची. न्यू जर्सीत २०१७ पासून चाइल्ड सपोर्ट १९ व्या वर्षी आपोआप थांबतो, पण मूल पूर्णवेळ शिकत असेल तर अर्ज करून २३ पर्यंत चालू ठेवता येतो. अलिमनीचा नियम आणखी कडक आहे. ती बदलण्याचा अधिकार आदेश काढणाऱ्या राज्याकडेच शेवटपर्यंत राहतो, तिथे कोणी राहो वा न राहो. न्यायाधीशांनी त्यावर दोन मिनिटंही घालवली नाहीत.

एका कुटुंबाची स्थिती अशी झाली : रक्कम कॅलिफोर्नियाची, मुदत न्यू जर्सीची, अलिमनी न्यू जर्सीचीच, आणि कस्टडीचा प्रश्न निघालाच तर टेक्सासचा.

निष्पत्ती

ऑगस्ट २०२३ मध्ये रक्कम २,३२० झाली, जानेवारीपासून लागू. मधल्या महिन्यांचा फरक हप्त्यांनी. या आदेशाबरोबर पुढचे बदल करण्याचा अधिकार न्यू जर्सीकडून कॅलिफोर्नियाकडे आला.

२०२४ च्या सुरुवातीला वडिलांची नोकरी गेली. त्यांनी पैसे देणं थांबवलं आणि अर्ज दोन महिन्यांनी केला. रक्कम कमी झाली, पण अर्जाच्या तारखेपासून. आधीच्या दोन महिन्यांची थकबाकी तशीच राहिली. १९८६ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर साचलेली थकबाकी मागे जाऊन माफ करता येत नाही, नोकरी गेल्याचं कारण कितीही खरं असो. या वेळी अर्ज कुठे करायचा हा प्रश्न मात्र कोणालाच पडला नाही. वर्षअखेरीस नवी नोकरी लागली आणि रक्कम पुन्हा जवळपास पूर्वीइतकी झाली.

मुलगा टेक्सासमधल्याच विद्यापीठात गेला. १९ वा वाढदिवस नोव्हेंबर २०२५ चा. आईने त्याआधीच सांता क्लारात प्रवेशाचा दाखला जोडून मुदतवाढ मागितली, न्यू जर्सीच्या कायद्याचा हवाला देऊन. ती मिळाली.

वेगळं काय करता आलं असतं

टेक्सासमधल्या अर्जाची किंमत काढणं सोपं आहे. तोच अर्ज एप्रिल २०२२ मध्ये सॅन होजेत पडला असता, तर नऊ महिन्यांचा फरक, ढोबळ हिशेबाने साडेदहा हजार डॉलर, तिला मिळाला असता. वकिलाची फी वेगळी. कौटुंबिक दावे चालवणाऱ्या प्रत्येक वकिलाला आंतरराज्य प्रकरणांचा अनुभव असतोच असं नाही, आणि पहिल्या भेटीत विचारायचा प्रश्न तोच आहे : कलम ६११ खाली तुम्ही किती अर्ज केले आहेत?

पण माझ्या मते खरी संधी त्याच्याही आधी हुकली. वडील सॅन होजेला जाणार हे आईला २०२१ च्या मार्चमध्येच कळलं होतं. मुलानेच सांगितलं. ते जूनअखेर निघाले. त्या तीन महिन्यांत कधीही न्यू जर्सीत अर्ज झाला असता, तर पुढे ते राज्य सोडून गेल्याने त्या अर्जावरचा अधिकार गेला नसता. जिथे मूळ फाइल आहे, जिथला वकील ओळखीचा आहे, त्याच न्यायालयात काम झालं असतं. पण तेव्हा तिच्या डोक्यात तो विषयच नव्हता. पैसे वेळेवर येत होते.

दुसरा रस्ता वडिलांनाही सोयीचा ठरला असता. निघण्याआधी दोघांनी मिळून मिडलसेक्स काउंटीत एका पानाची संमती नोंदवायची, की आम्ही सगळे बाहेर गेलो तरी रकमेचे बदल इथेच होतील. त्या वेळी कोणाच्याच डोक्यात टेक्सास किंवा कॅलिफोर्नियाचे आकडे नव्हते, त्यामुळे सही मिळणं सोपं होतं. आकडे कळल्यावर ती सही कोणी देत नाही.

राहता राहिलं कॉलेजचं कलम. "त्या वेळच्या उत्पन्नाच्या प्रमाणात" या शब्दांतला "त्या वेळ" म्हणजे प्रवेशाचं वर्ष की प्रत्येक वर्ष, हे २०१४ च्या मसुद्यात लिहिलेलं नाही. वडिलांची नोकरी नसलेलं २०२४ हे वर्ष धरायचं की नाही, यावर दोघांचं अजून जमलेलं नाही. वाद न्यायालयात नेलाच तर तो मिडलसेक्सला न्यायचा की सांता क्लाराला, यावर दोन्ही वकिलांची मतं वेगळी आहेत. तूर्त आई फी भरते आहे आणि पावत्या जपून ठेवते आहे.